कूलर बंद ठेवायचे दिवस

सकाळी फोन वाजला तेव्हाच कळलं, नवतपा लागला. त्यासाठी मला कॅलेंडर पाहावं लागत नाही. रायपूरच्या एका पेपरच्या डेस्कवरून दरवर्षी याच सुमारास फोन येतो आणि वाक्यही दरवर्षी तेच असतं, "दीदी, गर्मी का कुछ भेज दो ना, आज पेज पर लगाना है." गर्मी का कुछ. म्हणजे डोळे सोडून सगळं तोंड ओढणीनं बांधलेल्या स्कूटीवरच्या मुली. भिलाईच्या सिविक सेंटरला उसाच्या रसाच्या गाडीपुढची गर्दी. मैत्रीबागेच्या प्राणिसंग्रहालयातला वाघ, पाण्यात बसलेला. नळाच्या तोटीला चोच लावलेला कावळा, कावळा नसला तर साळुंकी चालते. हे सगळे फोटो मी इतक्या वर्षांपासून काढते आहे की वाघसुद्धा आता मला ओळखत असेल, आली बाई परत म्हणत असेल.

यंदा फोन आला तेव्हा मी गादीवरून उठले नाही. टाच दुखत होती, मान दुखत होती, उजव्या डोळ्याची पापणी आठवडाभर आपली आपणच फडफडत होती. आदल्या दिवशी सकाळी खुर्सीपारला टँकरची रांग, दुपारी एका संस्थेच्या माहितीपटासाठी मुलाखती, संध्याकाळी एका लग्नाचं शूटिंग. लग्नाच्या शूटिंगला कुणी पत्रकारिता म्हणत नाही, पण चूल त्याच्यावरच पेटते. फ्रीलान्स म्हणजे आपल्या मर्जीचं काम, असं आमच्या आईला सुरुवातीची काही वर्षं वाटत होतं. "सुट्टी नाही, रविवार नाही, बसून जेवणं नाही. कोनाची मर्जी हे?" असं तिनं एकदा विचारलं, तेव्हापासून मी तो शब्द घरात वापरत नाही.

तर मी ठरवलं, उन्हात जायचं नाही. जुनंच काहीतरी शोधून पाठवायचं. वाघ काय दरवर्षी बदलतो? कपाटातून जुन्या हार्ड डिस्क काढल्या, कानाला हेडफोन लावले, आणि नेमकी ती डिस्क हातात आली, त्या उन्हाळ्याची.

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो ते नऊ दिवस म्हणजे नवतपा, असं इथं सगळे मानतात. आमचे बाबा मानत नसत. "ऊन म्हनजे ऊन! त्याले का नक्षत्र पाहून तापाले सांगतलं का कोनी?" असं ते अंगणात उभं राहून म्हणायचे आणि ते चार घरांपलीकडे ऐकू जायचं. बाबा भंडाऱ्याकडचे. तरुणपणी भिलाईच्या स्टील प्लँटमध्ये लागले आणि सगळी नोकरी कोक ओव्हनवर काढली. भट्टीच्या माथ्यावर, लाकडी तळव्याचे जोडे घालून. तिथं यंत्रांच्या आवाजात ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही, त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार ते विसरूनच गेले. रुआबांध्याच्या आमच्या गल्लीत आज आमच्याकडे कोणती भाजी आहे हे विचारायला कुणाला यावं लागत नसे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत माईक बिघडला तर लोक बाबांना शोधत येत.

आई मात्र नवतपा मानायची आणि मानते. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, हे तिचं शास्त्र. माझ्या पँटच्या खिशात कांदा मावत नाही, म्हणून ती तो कॅमेऱ्याच्या बॅगेत टाकते. महागड्या लेन्सच्या शेजारी एक लाल कांदा. एकदा एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्रकार परिषदेत मी बॅग उघडली आणि तो टेबलाखालून गडगडत थेट त्यांच्या बुटापाशी गेला. त्यांनी वाकून उचलून दिला. ते बिलासपूरकडचे होते, त्यांना काही सांगावं लागलं नाही.

मेच्या शेवटी भिलाईच्या टाउनशिपचे रस्ते दुपारी रिकामे होतात. गुलमोहर तेवढा फुललेला असतो, त्याची लाल सावली रस्त्यावर पडते असं मला लहानपणी वाटायचं. कॅमेऱ्याचं अंग तापून गालाला चटका बसतो. मी त्याच्यावर ओला नॅपकिन टाकते, आणि तो वाळला की तोच डोक्यावर घेते. पण नवतपातले खरे हाल रस्त्यावर नसतात. ते लोकांच्या घरात होतात, आणि करणारी मी असते.

कारण मुलाखत घ्यायची म्हणजे आवाज स्वच्छ हवा. आवाज स्वच्छ हवा म्हणजे पंखा बंद, कूलर बंद. आमच्याकडचे कूलर म्हणजे लोखंडी पेटारे, खिडकीला टांगलेले. सुरू झाले की घर थरथरतं. माईकला माणसाआधी तेच ऐकू येतात. म्हणून कुणाच्याही घरात शिरले की नमस्कारानंतरचं माझं पहिलं वाक्य असतं, "कूलर बंद करना पड़ेगा." आणि लोक करतात. ज्यांच्या घरी नुकतंच काही घडलेलं असतं, तीही माणसं करतात. मग आम्ही बंद खोलीत समोरासमोर बसतो आणि घाम त्यांच्या कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात उतरतो. प्रेक्षकांना ते अश्रू वाटतात. कधी असतातही.

त्या वर्षी दिवाळीपासूनच बाबांचा आवाज घोगरा झाला होता. धूळ असेल, थंडी असेल, म्हातारपण असेल, असं म्हणता म्हणता मे आला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, गाठ आहे, स्वरयंत्र सगळंच काढावं लागेल. माणूस वाचेल. आवाज राहणार नाही. ऑपरेशनची तारीख आली ती नवतपातच. बाबांनी ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन आईला म्हणाले, "चाल, तुही सुटका झाली एकदाची." आई हसली नाही. मीही नाही.

मला त्यांचा आवाज ठेवून घ्यायचा होता. बस, एवढंच. मी परक्या लोकांचे आवाज गोळा करत जिल्हे पालथे घातले होते. पुराचे, निवडणुकीचे, संपाचे, जंगलातल्या गावांचे आवाज माझ्या डिस्कमध्ये भरून पडले होते, आणि माझ्या बापाचा त्यात एक शब्द नव्हता. तो आवाज जायच्या आत मला हवा होता. रोज थोडं थोडं रेकॉर्ड करू, मी मनाशी म्हटलं.

पहिल्या दिवशी सकाळीच बसवलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस पाण्यानं चोपून बसवले. मी कूलर बंद केला, कॉलरला माईक लावला, कॅमेऱ्यामागं गेले आणि म्हणाले, "बाबा, तुमी इथं आले तेव्हाचं सांगा." बाबांनी घसा खाकरला, मान ताठ केली आणि सुरू झाले, "देखिए, जब हम लोग यहाँ आए, तब यहाँ बहुत कम बस्ती थी. कर्मचारी भाइयों में आपस में बड़ी एकता थी..."

मी थांबवलं. "बाबा, मराठीत बोला ना."

"हाव, हाव. मराठीतच बोलतो."

परत कॅमेरा सुरू केला. लाल दिवा लागला. बाबांनी त्या दिव्याकडे पाहिलं. "तो मैं यह बता रहा था कि..."

यात त्यांची काही चूक नव्हती. आमच्याकडे मराठी उंबऱ्याच्या आत असते. बाहेर पाय टाकला की हिंदी. ड्यूटी हिंदीत, युनियन हिंदीत, बाजार हिंदीत, शाळा हिंदीत. माझ्या पिढीतले कितीतरी जण आईला मराठीत हाक मारतात आणि वाक्य हिंदीत संपवतात. कॅमेरा म्हणजे बाहेर. कॅमेरा घरात आला तरी तो बाहेरचाच, त्याच्याशी हिंदीतच बोललं पाहिजे, हे बाबांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की त्यांना आपण भाषा बदलली हेही कळत नव्हतं. पण मला त्या हिंदीतले बाबा नको होते. तो कुणी एक सज्जन, निवृत्त कर्मचारी होता. त्याला मी ओळखत नव्हते.

आई दारात उभी राहून ऐकत होती. "माह्यासंग तं जन्मात इतकं गोड नाही बोलले," ती म्हणाली. मग तिची नजर त्यांच्या पाठीवर चिकटलेल्या शर्टावर गेली. "अन् तू कावून बंद केला कूलर? बीमार मानसाले घामात बसवून राहिली तू."

"आई, आवाज येतो त्याचा."

"येऊ दे. त्याचा आवाज येतो अन् यांचा जाते, दोन्ही मलेच आयकाचं आहे."

तेवढ्यात माझा फोन वाजला. खुर्सीपारला पाण्यावरून रस्ता अडवला होता, व्हिडिओ हवा होता, लगेच. मी गेले. ते दिवस असेच गेले. मी कॅमेरा लावायचे, फोन यायचा, मी कॅमेरा काढून पळायचे. कधी बाबा तयार असायचे आणि मी नसायचे. कधी मी धावत घरी यायचे तर त्यांचा घसा बसलेला असायचा. कॅमेरा नको, नुसता माईक लावून पाहिला. हिंदी. मी समोरून उठून बाजूला बसले. हिंदी. आईला प्रश्न विचारायला लावले, तर बाबा चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिला "आप" म्हणाले. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली, हसत की रडत, मला दिसलं नाही.

ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी मी ठरवलं होतं, फोन उचलायचा नाही. तरी उचलला. दवाखान्यात लू लागलेले लोक येत होते, वॉर्डातले फोटो हवे होते. पडदे ओढलेल्या त्या खोलीत एक ठेकेदारीवरचा मजूर काखेत बर्फाच्या पिशव्या घेऊन पडला होता. मी क्लिक केलं तसे त्याने डोळे उघडले. "टीवी म आही का दीदी?" टीव्हीवर येईल का, असं त्यानं छत्तीसगढीत विचारलं. मी हो म्हटलं. त्यानं उशाशी बसलेल्या बायकोकडे पाहिलं आणि चादर छातीवर नीट ओढून घेतली. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. वाटलं, कुणाचं काहीही आता मला पाहायचं नाही, ऐकायचं नाही, साठवायचं नाही.

दुपारी घरी पोचले. बाबा वाट पाहत होते, तोच इस्त्रीचा शर्ट. कूलर बंद केला, कॉलरला माईक अडकवला, रेकॉर्डर सुरू केला. कॅमेरा मात्र सकाळपासूनच्या उन्हानं इतका तापला होता की दोनदा सुरू होऊन बंद पडला. "थोडा थंडा होऊ द्या याले, मंग बसू," मी म्हटलं आणि भिंतीला पाठ टेकली.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. कूलर गडगडत होता, खोली गार होती, अंगावर आईची साडी होती. टेबलावर माईकची वायर नीट गुंडाळून ठेवलेली. आतल्या खोलीत आई दवाखान्याची बॅग भरत होती. सकाळी लवकर निघायचं होतं, घरात माणसं भेटायला येऊ लागली होती, आता काही होणार नव्हतं. मी तिथंच जमिनीवर बसून रडले. बाबा खुर्चीतून पाहत होते. "जाऊ दे वं," ते म्हणाले. "आवाजाचं का लोनचं घालते का?"

रायपूरच्या दवाखान्यात ऑपरेशनला नेताना त्यांनी स्ट्रेचरवरून मान वळवली. मला वाटलं, आता काही बोलतील. बोलले, "माही चप्पल सांभाळजो. इथं चोरीले जाते." शेवटचे शब्द हेच. मी ती चप्पल छातीशी धरून बाहेर उभी होते, आणि बाकावरच्या बाईनं मला सरकून जागा दिली.

आता बाबा टाळी वाजवून बोलावतात. एक टाळी म्हणजे आई, दोन म्हणजे मी. गळ्याशी लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, त्यातून निघालेला आवाज ऐकून त्यांनी ते डब्यात परत ठेवलं ते कायमचं. श्वास गळ्याच्या भोकातून चालतो. उन्हाळ्यात कोरडी हवा सोसत नाही, म्हणून आई तिथं ओलं फडकं बांधते, आणि ते वाळलं की बदलते. घर इतकं शांत झालं आहे की मी व्हॉइसओव्हर घरीच करते. सुरुवातीला रेकॉर्डिंगच्या वेळी मी सवयीनं सगळ्यांना "गप्प बसा" म्हणायचे. तेव्हा बाबा दोन्ही हात कोपरापासून जोडून मला दाखवायचे, की बाई, माझ्याकडून तुला काही त्रास नाही. आई त्यांच्यावर डोळे वटारायची. मला हसू यायचं आणि मग दिवसभर काही सुचायचं नाही.

त्या दुपारचा रेकॉर्डर मी ऑपरेशननंतर काही दिवसांनी एकदा तपासला होता. माझा आवाज आला, "थंडा होऊ द्या याले." मग बराच वेळ काही नाही. मग खट्ट झालं आणि कूलरची घरघर सुरू झाली. मी तिथंच थांबवलं. कूलर लागला की फाइल वाया गेली, हे आमच्या धंद्यात विचार करून ठरवावं लागत नाही, बोट आपोआप जातं. "खराब" नावाच्या फोल्डरमध्ये ती टाकली आणि पुढच्या कामाला लागले.

यंदा वाघ शोधताना तेच फोल्डर उघडलं. चुकून फाइल सुरू झाली. परत तोच माझा आवाज, तीच शांतता, खट्ट, घरघर. बंद करायची होती, पण हात उचलायचाही कंटाळा आला होता. डोळे मिटून पडून राहिले. कानात कूलर चालू राहिला.

आणि मग त्याच्यावरून बाबांचा आवाज आला. घोगरा, पण मोठा. भट्टीवरच्या माणसाला गडगडाटाच्या वर आवाज कसा लावायचा ते कुणी शिकवावं लागत नाही. माईक त्यांच्या कॉलरलाच होता. ते विसरले होते.

"हळू बोला, उठन ते," आईचा आवाज लांबून आला.

"नाही उठत. पाह्य कशी झोपली. लहानपनी अशीच झोपे, पाय एकीकडे, डोस्कं एकीकडे."

"उठल्यावर कल्ला करन. कूलर कोनं लावला म्हनन."

"करू दे. घामानं पोरगी भिजून गेली, अन् मी का टकमक पाहत बसू?"

मग नुसता कूलर. मग आई काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. एवढं कळलं की ती मराठीचं विचारत होती, पोरगी इतकं म्हणते तर दोन शब्द मराठीत का नाही बोलत. बाबांनी घसा खाकरला.

"हिंदीत कसं, दुसऱ्या कोन्या मानसाचं सांगून राहिलो असं वाटते," ते म्हणाले. "मराठीत बोलाले गेलो तं मले रडू येईन वं. तिच्यासमोर रडलो तं ते रडन. अन् मंग तिले कोन सांभाळन?"

डेस्कचा फोन परत वाजत होता. मी उठले, लॅपटॉप तसाच हातावर घेऊन बाबांच्या खोलीत गेले. ते खिडकीपाशी बसले होते, गळ्याशी ओलं फडकं. मी काही न सांगता हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले आणि फाइल मागं नेऊन सुरू केली.

सुरुवातीला त्यांना कळलं नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. ओठ हलू लागले, आतल्या शब्दांबरोबर, थोडे मागून. कुठवर पोचलंय ते मला त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. शेवटच्या वाक्यापाशी ओठ थांबले आणि तोंड वाकडं झालं. बाबा रडले. स्वरयंत्र नसलं की रडण्याचा आवाज होत नाही. गळ्यावरचं फडकं तेवढं फुगतं आणि बसतं, फुगतं आणि बसतं.

मी पुढं होणार तेवढ्यात त्यांनीच हात लांब केला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. दुसऱ्या हातानं माझा गाल पुसला. ओठ हलले. रडू नोको वं, असं ते म्हणत होते. मी रडते आहे हे मला तोवर कळलंच नव्हतं.